लूशियनचं वीज पडलेलं मेपल

लूशियन गॉयेटवर कुणी लिहिलं नाही, म्हणून मी, त्याचा शेजारी, जमेल तसं लिहितोय. आमच्या व्हरमाँटच्या टेकडीवर मेपलचा रस काढून पाक आटवणारी घरं पुष्कळ, पण झाडाला जपावं ते लूशियननं.

त्याच्या दारापुढच्या रांगेतल्या सगळ्यात थोरल्या मेपलवर जुलैत वीज पडली. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत साल उभी फाटून आतलं लाकूड उघडं पडलं.

"तोडून टाक. हिवाळ्याचं सरपण होईल," त्याचा मेहुणा डॅना म्हणाला.

"तुझंही डोकं फुटलं होतं की रे. तेव्हा आम्ही तुझं सरपण केलं का?"

सुटलेली साल ओली होती तोवर लूशियननं ती जागेवर दाबून बारीक खिळ्यांनी ठोकली, वर भिजवलेलं गोणपाट बांधलं. कोरड्या ऑगस्टभर मुळांना पाणी घातलं. फांदी मात्र एकही छाटली नाही. काय जगलं, काय मेलं, ते वर्षभरात झाडच दाखवील म्हणायचा. बायकोची, नेटीची, कपड्यांची दोरीसुद्धा त्यानं तिथून सोडली.

"माझी एवढी सेवा कधी केली नाहीस," नेटी म्हणाली.

"तुझ्यावर वीज कुठे पडली?"

या झाडाचा रस आता काही वर्षं काढायचा नाही, असं त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं.

मार्चमध्ये रस उतरू लागला. लूशियन गिरमिट घेऊन नेहमीसारखा रांगेनं निघाला. गोणपाट थंडीआधीच काढलेलं, जखम घराच्या बाजूला, आणि तो चालला होता रस्त्याच्या बाजूनं. इतक्या वर्षांचे हात, आपोआप चालले. भोक पाडलं, नळी ठोकली, बादली अडकवली, पुढे गेला. मी बादल्यांची ढकलगाडी घेऊन बराच मागे होतो.

"लूशियन!" नेटी ओसरीवरून ओरडली. "अरे, त्याला का?"

तो वळला. बादलीत थेंब वाजत होते. परत येऊन त्यानं नळी उपटली. भोक बुजवता येत नाही. बुजवलं तर आत कुजतं, ते झाडानंच भरायचं. रस सालीवरून ओघळत राहिला. लूशियननं त्यावर तळवा ठेवला, कुणी पाहू नये तसा.

"डॅना निदान तोंडावर तरी म्हणाला होता, तोड. मी तर जपतो जपतो म्हणत भोक पाडलं," तो म्हणाला.

मे महिन्यात झाडाच्या एका बाजूला पानं फुटली. लहान, पण हिरवीगार. येणारेजाणारे गाड्या थांबवून म्हणायचे, "जगवलंस बाबा!" लूशियन मागल्या दारानं गोठ्यात जाऊन बसायचा.

चर्चच्या जेवणात डॅना उठला. "मी चुकलो. या माणसानं झाड वाचवलं." टाळ्या झाल्या.

लूशियन उभा राहिला. कान लालबुंद झालेले. "मार्चमध्ये मीच त्याला भोक पाडलं. भानच नव्हतं मला."

"एकच ना?" डॅनानं विचारलं.

"एकच."

"मग खाली बस आणि जेव. घेवडा थंड होतोय."

काहीजण हसले. लूशियन बसला. नेटीनं त्याच्या ताटात घेवडा वाढला, पण त्यानं चमचा उचलला नाही.