हॉर्न वाजला की डावीकडे

अमेरिकेत सायकल चालवणाऱ्याला मार खावा लागतो, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. क्युपर्टिनोहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पोरानं गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या पाठीत अशी चापट हाणली की मी कडेच्या काटेरी गवतात जाऊन पडले. गाडीतली बाकीची पोरं हसत होती. पुढं कधीतरी बिअरची बाटली आली. ती मला लागली नाही, डांबरावर फुटली, पण तिचा एक तुकडा पोटरीत घुसला. तो मीच उपटला आणि रुमाल बांधून घरी आले. रक्त बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं, गाडी आहे ना तुमच्याकडे? गाडी होती. गाडी होती म्हणून तर सायकल हौसेची झाली होती. गावी ती गरजेची होती.

गाव माझं कराडजवळचं. वडील साखर कारखान्याच्या गोदामात पोती उचलायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि पार्टीत लोक विषय बदलतात तेव्हा पुन्हा सांगते. कॉलेजला दांडीच्या सायकलवरून जायचे, साडीचा काचा मारून. नवरा नागपूरचा, डॉक्टरांच्या घरातला, इंजिनिअर, मऊ बोलण्याचा. समोर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र 'तो'च येतो.

त्याच्या डोक्यात युरोप होता. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांतून सायकलनं हिंडायचं, खाली उतरून मासेमारांच्या गावात मुक्काम करायचा. पण ग्रीन कार्ड हातात आलेलं नव्हतं आणि देशाबाहेर पाऊल टाकून परत येता येईल का, याची खात्री नव्हती. मग त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, कशाला जातोस तिकडे, हवा इथंही तीच आहे. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, वाळून सोनेरी झालेलं गवत, द्राक्षं, ऑलिव्ह, डोंगर ओलांडला की खाली समुद्र. नवऱ्याला ते इतकं पटलं की त्यानं त्याच आठवड्यात सायकलींना मागं पिशव्या अडकवायच्या जाळ्या बसवून घेतल्या.

ही गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची. जोडून सुट्टी आली की आम्ही निघायचो. पिशवीत मेथीचे लाडू, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. ओकच्या सावलीतला चढ, मग कड्यावरचा लांब रस्ता, मग उतार. सगळे म्हणतात निवांत, आणि होतंही निवांत, पण ते डोंगर काही गरीब नव्हते. रस्त्यात गाडीनं उडवलेली हरणं पडलेली असायची, पोट फुटलेली, वर गिधाडं. एका शेतकऱ्यानं कुंपणाच्या तारेवर मारलेले कोल्हे ओळीनं उलटे टांगले होते, वाळून चामड्याच्या पिशव्यांसारखे झालेले. नवरा तिथून जाताना समोर बघायचा. मी कोल्ह्यांकडं बघायचे. कोंबड्या खाणाऱ्याला आमच्याकडंही कुणी हार घालत नाही.

त्या दिवशी आम्ही कड्यावरून समुद्राकडं उतरत होतो. रस्ता अरुंद. डाव्या हाताला डोंगराची कापलेली भिंत, उजव्या हाताला दरी, खाली ओढा. इकडच्या नियमानं आम्ही उजव्या कडेनं, म्हणजे दरीच्या बाजूनं. नवरा पुढं, मी बरीच मागं, कारण उतारावर मी ब्रेक दाबून चालवते. मागून एक पिकअप ट्रक आला, पाठीवर जळाऊ लाकडं रचलेली. मला त्यानं हॉर्न दिला नाही. नुसता इतका घासून गेला की त्याच्या गरम हवेनं माझं हँडल हललं. पुढं नवऱ्याजवळ पोचल्यावर मात्र त्यानं लांबलचक हॉर्न मारला आणि ओव्हरटेक करायला ट्रक डावीकडं घेतला.

नवरा डावीकडं वळला.

त्यात विचार नव्हता. नागपूरच्या रस्त्यावर शाळेपासून सायकल चालवलेला माणूस. मागून ट्रकचा हॉर्न आला की डावीकडं व्हायचं, हे तिथं पोराला चालायला लागल्याबरोबर कळतं. उजवीकडून चालवायचं हे डोक्याला शिकवता येतं. हॉर्न डोक्यापर्यंत जातच नाही, तो खांद्याला ऐकू येतो. माझ्यामागं वाजला असता तर मीही तेच केलं असतं.

ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, आणखी डावीकडं कापलं आणि ट्रकचा कोपरा डोंगराला घासला. आरसा गेला, दिवा गेला, लाकडं घरंगळत रस्त्यावर आली. नवरा पडला नाही. त्यानं सायकल थांबवली, उतरला आणि हसला. आमच्याकडं माणूस चुकला की हसतो, ओशाळून, मान थोडी हलवत, तसं. सॉरी, सॉरी म्हणत तो ट्रककडं चालायला लागला.

दार उघडून जो माणूस उतरला, त्याला फक्त हसू दिसलं. आपल्याला मुद्दाम आडवा आला आणि वर हसतोय.

मी अजून वरच्या वळणावर होते. तिथून मला सगळं दिसलं, आवाज मात्र उशिरा येत होते. पहिली बुक्की तोंडावर बसली आणि नवरा गुडघ्यावर आला. त्या माणसानं सायकल उचलली, पिशव्यांसकट, आणि दरीत भिरकावली. मग बुटानं कुशीत लाथ. मग दुसरी, तिथंच. मी ब्रेक सोडून दिले. मी पोचले तोवर तो नवऱ्याच्या छातीवर बसला होता, दोन्ही हात गळ्यावर, आणि नवऱ्याच्या टाचा डांबरावर घासत होत्या. दरीची कड तिथून हातभर होती. तो त्याला दाबतही होता आणि कडेकडं रेटतही होता, आणि तोंडानं एकच गोष्ट विचारत होता, अजून हसतोस का.

मी सोड म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, मराठीत म्हणाले. त्यानं वळून पाहिलंसुद्धा नाही.

त्याचीच लाकडं रस्त्यावर पडली होती. त्यातलं एक मी दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. काहीच झालं नाही, भिंतीला मारावं तसं. दुसरं खांद्यावर घातलं तेव्हा आत काहीतरी मोडल्याचं मला हातात कळलं. एक हात सुटला, दुसरा सुटेना. मग मी डोक्यात मारलं. कमी जोर लावावा असं मनात आलं नाही, आणि आज विचारलं तरी मी तसं म्हणणार नाही. पोती उचलणाऱ्याची मुलगी आहे मी. तो बाजूला कोसळला.

नवऱ्याचा चेहरा निळसर झाला होता. मग एक घुसमटलेला श्वास आत गेला, मग दुसरा. दोन दात शर्टावर पडले होते. पोटाला हात लावू देईना.

"अहो, कुठं दुखतंय?"

"तो मेला का बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. मेला नव्हता. कानामागून रक्त वाहत होतं, पण डोळे उघडत होते. माझ्या लक्षात आलं की आता मला दोघंही जिवंत पाहिजेत. नवरा गेला तर माझं सगळं गेलं, आणि हा गेला तर मी खुनी. तो रस्ता असा, की तासभर कुणी फिरकत नाही. खिशात फोन घेऊन हिंडायचे ते दिवस नव्हते. ट्रकचं इंजिन मात्र चालू होतं.

नवऱ्याला मी काखेत हात घालून पुढच्या सीटवर चढवला. तो पांढरा पडत चालला होता, गार घाम सुटला होता. त्या माणसाला उचलणं मला शक्य नव्हतं. मी लाकूड हातात धरूनच त्याच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, मागं चढ. तो माझ्याकडं, मग लाकडाकडं बघत राहिला. मोडलेला हात दुसऱ्या हातानं धरून तो मागच्या बाजूला उरलेल्या लाकडांत जाऊन बसला.

आमची गाडी ऑटोमॅटिक होती, ट्रकला गिअर होते. पण मामाच्या उसात मी ट्रॅक्टर चालवलेला होता, क्लच काय असतो ते पायाला माहीत होतं. पहिल्यांदा बंद पडला, दुसऱ्यांदा निघाला. वळणावर नवऱ्याचं डोकं माझ्या खांद्यावर आपटायचं आणि तो कण्हायचा. मी त्याला बोलतं ठेवण्यासाठी काहीबाही विचारत होते, शाळेतल्या मास्तरांची नावं, नागपूरच्या घरातल्या खोल्या. उत्तरं तुटक येत होती, मग येईनाशी झाली.

मागची छोटी खिडकी सरकली. मला वाटलं आता हात आत येणार. पण आवाज आला.

"गावात डॉक्टर नाही. चर्चपाशी लेफ्ट घे. फायर स्टेशन आहे, ते ॲम्ब्युलन्स बोलावतील."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मला आडवा का आला तो?"

मी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं की आमच्या देशात मागून हॉर्न वाजला की डावीकडं व्हायचं असतं. तो वाट द्यायला वळला होता.

"इतकं मूर्ख कारण मी जन्मात ऐकलं नाही," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "त्याच्यासाठी तू माणूस मारत होतास."

खिडकी सरकून बंद झाली.

फायर स्टेशनवर गावातलीच माणसं होती, शेतावरचे कपडे घातलेली. त्यांनी नवऱ्याच्या पोटाला हात लावला आणि एकमेकांकडं बघितलं. पोट लाकडासारखं कडक झालं होतं. त्यांनी फोन केला आणि त्याला खाली झोपवून पाय वर केले. ॲम्ब्युलन्सआधी शेरीफच्या ऑफिसचा पोलीस आला. ट्रकवाल्याकडं बघून त्यानं विचारलं, तुला कुणी मारलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "लाकडं घसरली अंगावर."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. पाच फुटी, वेणी घातलेल्या इंडियन बाईनं आपलं हाड मोडलं, हे तो आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर मरेपर्यंत बोलणार नव्हता. स्ट्रेचरवरून नवरा मराठीत पुटपुटला, "तू गप्प बस. प्लीज. ग्रीन कार्ड..."

"मी मारलं," मी म्हटलं. "तो माझ्या नवऱ्याचा गळा दाबत होता. गळा बघा. त्याच्या डोक्यात लाकूड मी घातलं, घसरून पडलं नाही."

त्या ऑफिसरनं वाकून नवऱ्याच्या गळ्यावरचे बोटांचे वळ बघितले. मग ट्रकवाल्याच्या हातांकडं बघितलं. मग मला म्हणाला, मॅडम, तुम्ही ॲम्ब्युलन्समध्ये बसा, तुमच्याशी तिथं बोलू.

नवऱ्याची प्लीहा फुटली होती. पोटात इतकं रक्त साचलं होतं की आणखी थोडा उशीर झाला असता तर तो ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचला नसता, असं सर्जननं मला उभ्याउभ्या सांगितलं. प्लीहा काढून टाकली. ट्रकवाल्यानं पुढं आपला गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली. मला कुणी काही केलं नाही. क्युपर्टिनोत मात्र माझ्याबद्दल लोक हळू आवाजात बोलायला लागले. एक काका म्हणाले, बाईमाणसानं जरा सांभाळून राहावं, आपण परक्या देशात आहोत. मी त्यांना विचारलं, काका, सांभाळून म्हणजे नवऱ्याचा श्वास थांबेपर्यंत? त्यानंतर त्यांच्याकडचं आमंत्रण बंद झालं.

टाके वाळले, दात बसवले, आणि एक दिवस नवरा म्हणाला की त्या दिवशी जिथं निघालो होतो ते समुद्राकाठचं गाव बघायचं राहिलंच. मला वाटलं होतं तो सायकलचं नाव काढणार नाही. मी म्हटलं, जाऊ, पण आधी तुमचा खांदा दुरुस्त करायचा.

रविवारी शाळेचं पार्किंग रिकामं असतं. तो नव्या सायकलवर, मी मागून गाडी घेऊन. जवळ जायचं आणि हॉर्न मारायचा. पहिल्या हॉर्नला तो डावीकडं वळला आणि मी जोरात ब्रेक दाबला. दुसऱ्याला तेच. हॉर्न ऐकला की त्याची मान खांद्यात जायची, चेहरा त्या दिवशीसारखा पांढरा व्हायचा, आणि हँडल डावीकडं. मी थांबले नाही. दर रविवारी त्याला असं पिटाळलं. एकदा तो उतरून माझ्या गाडीच्या बॉनेटवर मूठ आपटून म्हणाला, "बस झालं, मी काय बैल आहे?" मी काच खाली केली आणि म्हटलं, चला, पुन्हा.

थंडी सुरू होता होता तो उजवीकडं जायला लागला. मग एका रविवारी त्यानं सायकल थांबवली, माझं दार उघडलं आणि म्हणाला, "आता तू बस सायकलवर."

मला गरज नाही, मी म्हटलं. इतके दिवस मीच शिकवतेय. तो दार धरून उभाच राहिला. शेवटी मी सायकल घेतली आणि मोकळ्या डांबरावर निघाले, आरामात, उजवी कड धरून. मागं इंजिन जवळ येत होतं, मला माहीत होतं, मी वाटच बघत होते.

हॉर्न वाजला आणि मी डावीकडं वळले.

बंपर मागच्या चाकाला लागला. मी हातांवर पडले, तळवे सोलले, हनुवटी फुटली. नवरा धावत आला. माझ्या दोन्ही दंडांना धरून त्यानं मला असं हलवलं की दात वाजले. इतक्या वर्षांत त्यानं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. "मेली असतीस तू," तो ओरडत होता. "कळतंय का तुला, मेली असतीस."

मी हनुवटीचं रक्त बाहीला पुसलं. हँडल वाकडं झालं होतं, पुढचं चाक गुडघ्यांत धरून ते सरळ केलं.

"पुन्हा वाजवा," मी म्हटलं.