काकांची कानस आणि माझा हात

"रामटेके काका गेले रे... झोपेतच," असा मालकांचा फोन आला, तेव्हा मी लकडगंजच्या आमच्या आरामशिनीवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, काकांचीच वाट बघत होतो. मशीन सुरू व्हायच्या आधी ते रोज त्यांची पाती घासायची चपटी कानस माझ्या तळहातावर आडवी ठेवायचे. हलली तर त्या दिवशी मी करवतीजवळ फिरकायचं नाही, बाजूला फळ्या रचायच्या. थांबली तर काका मान डोलवणार आणि मी बटण दाबणार. काकांना जाऊन आता सात आठवडे झाले, आणि हे लिहिताना दुःखापेक्षा उतावीळपणाच जास्त आहे माझ्यात. काका कोण होते ते कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं झालंय! माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सावंतवाडीकडचा. शाळा सुटली आणि कामासाठी नागपूरला आलो. गावाहून फोन वाजला की छातीत धडधड सुरू व्हायची, काय वाईट बातमी असेल म्हणून. एका मित्राने औषध म्हणून दारू दाखवली. आधी शनिवारी, मग रोज, आणि शेवटी सकाळी हाताची थरथर थांबावी म्हणूनसुद्धा प्यायला लागलो. काका करवतीच्या पात्यांना धार लावायचे, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? एकदा कानस हातावर ठेवून म्हणाले, "काबे कोकण्या, हात तं थांबला, पण वास काहून येऊन राहिला?" मी म्हटलं, खोकल्याचं औषध. "खोकला आहे का करवतीचा आवाज आहे बे तुया छातीत?" सगळे हसले. मीही हसलो... आणि घाबरलो.

काका स्वतः तरुणपणी भयंकर प्यायचे. विहारात सगळ्यांसमोर पंचशील घेतलं आणि त्या दिवसापासून थेंब नाही. मागे त्यांच्या वस्तीतली माणसं खंबीर उभी राहिली. त्यामुळे त्यांना वाटायचं, आपण सुटलो तसाच जगातला प्रत्येक जण सुटेल. मलाही विहारात नेलं. "आजपासून एकदम बंद. मी सोडली, तुले काय होते?" मी हात जोडून हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशिनीसमोरच मला फेफरं आलं. काकांनी धावत जाऊन बटण बंद केलं, नाहीतर हा हातच राहिला नसता. दवाखान्यात जाग आली तेव्हा डॉक्टरीणबाई काकांना सांगत होत्या की, इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने अशी अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. आधी काही दिवस देखरेखीखाली औषधं, बाकीचं नंतर. काका खाली मान घालून ऐकत होते. मग माझ्या उशाशी बसले. "सागवानाचं पातं बाभळीले लावलं का लाकूड जळते, हे मी पोरायले शिकवतो. अन् तुले मात्र माह्यंच पातं लावून बसलो गा... चुकलं माह्यं." साठी उलटलेला माणूस, आठवी नापास पोराची माफी मागत होता!

मग काका जे पेटले! दर मंगळवारी अर्धी सुट्टी घेऊन माझ्याबरोबर. दारू सोडलेल्यांच्या बैठकीला नेलं. तिथली माणसं सोन्यासारखी, पण पंधरा जणांसमोर बोलायच्या धास्तीनेच मी बाहेर पडून प्यायलो. मला वाटलं, आता काका हात टेकणार. तर म्हणाले, "हेही पातं नाई. दुसरं पाहू." डॉक्टरीणबाईही रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, नेमकं कधी प्यावंसं वाटतं? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'किती' न विचारता 'कधी' विचारलं. फोनचं सांगितलं, धडधडीचं सांगितलं. मग त्या धास्तीवर उपचार सुरू झाले, ओढ कमी करणारी गोळी मिळाली, आणि दर आठवड्याला बंद खोलीत एकट्या समुपदेशकाशी बोलणं. दोन महिन्यांनी गावाहून आईचा फोन वाजला आणि मी तो तिसऱ्या रिंगला उचलला, थेंबही न पिता, शुद्धीत! काकांना सांगितलं तर त्यांनी आख्ख्या आरामशिनीत बोंब ठोकली, "सापडलं! कोकण्याचं पातं सापडलं!" सगळ्यांना तर्री-पोहे.

काका गेले त्या संध्याकाळी नंदनवनहून, त्यांच्या घरून, परतताना आरामशिनीवरचे दोघं म्हणाले, चल, काकांच्या नावाने थोडी घेऊ. छातीत तीच जुनी धडधड. पाय वळलेही होते, खोटं कशाला बोलू. पण रस्त्यावरच उभं राहून समुपदेशकांना फोन लावला आणि ते लाइनवर असेपर्यंत चालत खोलीवर आलो.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे काकांच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी काकूंनी जुन्या पंच्यात गुंडाळलेली कानस माझ्या हातात दिली. "हे घरी ठिवून काय करू वं मी, असं मी सुनेले म्हटलं. तुहीच आहे ते."

दुसऱ्या दिवशी मशिनीसमोर उभा राहिलो. डाव्या हाताने कानस उचलून उजव्या तळहातावर ठेवली. हलली... मी श्वास सोडला, वाट पाहिली.

थांबली, काका! मी बटण दाबलं.