कुसुमबाईंशी राहिलेला वाद

बातमी आली तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अनुमानातले दोष शिकवत होतो. कॉलेजचे जुने शिपाई रामाजी दारात येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सर, सायकॉलॉजीच्या कुसुमबाई सकाळी वारल्या." मी खडू हातात धरूनच त्यांची उलटतपासणी सुरू केली. कोणी सांगितलं? ऑफिसात फोन आला. फोन कोणी केला? शेजाऱ्यानं. त्यानं स्वतः पाहिलं, की त्यालाही कोणी सांगितलं? नावात काही घोटाळा तर नाही? काल चार वाजता तर बाई माझ्यासमोर बसून पेपर तपासत होत्या... रामाजी बिचारे एकेका प्रश्नाचं उत्तर देत राहिले आणि पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी ते म्हणाले, "सर, तुम्ही चाला ना जी. प्रिन्सिपलसाहेब गाडी काढून राहिले." तेव्हा कुठे मी खडू खाली ठेवला.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहिणार आहे, पण चिडून लिहिणार आहे, कारण गेले काही आठवडे मी चिडलेलाच आहे. घरी बायको म्हणते, रडून घ्या एकदा, मोकळे व्हाल. रडायला काय, येईल रडू. पण आधी या बाईशी माझा हिशेब व्हायचा आहे, आणि ती तर समोर नाही. समोर असती तरी काही उपयोग झाला असता असं नाही म्हणा. गेल्या वीसेक वर्षांत तिच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकल्याचं मला आठवत नाही.

साठचं दशक सरत आलं होतं तेव्हा त्या आमच्या कॉलेजात आल्या. तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही डोक्याशीच संबंधित, असा प्रिन्सिपलसाहेबांचा समज, म्हणून आम्हा दोघांना एकच खोली आणि एकच टेबल. माणसानं विचार कसा करावा हे मी शिकवायचो आणि प्रत्यक्षात तो कसा करतो हे त्या शिकवायच्या, तेव्हा आमचं जमणं शक्यच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी जरा ताठ्यानं म्हटलं, "बाई, चालायचं कसं हे शिकायला कोणी लंगड्याच्या मागे जात नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि सगळेच लंगडून राहिले असले तर सर?" वर्गात त्यांची भाषा छापील, पण वाद रंगला की अस्सल नागपुरी सुरू व्हायची. ती सुरू झाली की समजावं, आता आपली धडगत नाही.

त्यांचा एक धडा कॉलेजभर गाजलेला होता. पत्र्याच्या पाच छोट्या पेट्या त्या वर्गात मांडायच्या, प्रत्येकीला कुलूप, आणि किल्ल्यांचा एक भला मोठा जुडगा. पहिल्या चार कुलपांना जुडग्यातली योग्य किल्ली शोधून, ती जरा वर उचलून फिरवावी लागे. पोरं खटपट करून ती युक्ती शिकत. पाचवं कुलूप नुसतं अडकवलेलं असे, दाबलेलंच नसे. पण पाचव्या पेटीशीही पोरं किल्ल्या लावत बसत, घाम पुसत, एकमेकांच्या हातातून जुडगा ओढत. एकदा त्यांनी मलाही बोलावलं. मी आपला शास्त्रशुद्ध माणूस. एकेक किल्ली क्रमानं लावून पाहिली, न लागलेली बाजूला सारली, जुडगा संपवला आणि जाहीर केलं की या कुलपाची किल्ली यात नाही. माझं अनुमान अगदी निर्दोष होतं. "ओढून तर पाहा जी," बाई म्हणाल्या. कुलूप हातात आलं आणि अख्खा वर्ग हसला. मी जाम भडकलो. खोलीत आल्यावर म्हटलं, ही फसवणूक आहे, कुलूप दिसलं की ते लागलेलं असणार हे गृहीत धरणं वाजवीच आहे. त्या म्हणाल्या, "वाजवीच आहे ना. म्हणून तर फसतो आपण. येडा माणूस इथं फसतच नाही सर, तो आधी ओढून पाहते. चारदा काम झालेला माणूस फसते."

आणि हे नुसतं वर्गापुरतं नव्हतं. मे महिन्यात पेपर तपासायला आम्ही सगळे स्टाफरूममध्ये कोंबलेले असायचो. नवा कूलर आला, त्यात वाळा भरला, पाणी सोडलं, आणि थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या गच्च लावून घेतल्या. दुपारपर्यंत खोलीचं पार न्हाणीघर झालं. अंगाला कपडे चिकटले, उत्तरपत्रिका ओल्या लागायला लागल्या. कोणी मोटारीला शिव्या दिल्या, कोणी वाळ्याला, मेकॅनिक येऊन पंख्याची पाती बदलून गेला. कुसुमबाई आल्या आणि कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी सताड उघडून बसल्या. बाहेर शेहेचाळीस डिग्री. सगळे त्यांच्यावर ओरडले, मी सगळ्यात जोरात. त्या मान खाली घालून पेपर तपासत म्हणाल्या, "हवेले आत यायचं असन तर आधीची बाहेर जा लागते." पंधरा मिनिटांत खोली गार झाली.

हाच विषय काहून घेतला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांचे वडील मिलमध्ये कामाला होते. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी पांढरे कपडे घालून गेले, परत आले, आणि देवळीतले देव त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवले. बाई तेव्हा नुकत्याच कॉलेजात जायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ड्यूटीवर निघताना रोजच्यासारखा वडिलांचा हात त्या देवळीकडे गेला... आणि मध्येच थांबला. क्षणभर ते तसेच उभे राहिले, मग स्वतःशीच हसले आणि डबा उचलून चालायला लागले. "सर, त्या थांबण्यात काय झालं ते मले पाहिजे," बाई म्हणाल्या होत्या. "माणूस सवयीत अडकते कसा, हे पुस्तकात लय आहे. पण सुटते कसा, ते कोणी सांगून नाही राहिलं." मी मग सवयीप्रमाणे म्हटलं, लिहा हे, प्रबंध करा. "लिहीन जी." वीस वर्षं हेच ऐकलं, लिहीन जी. विद्यार्थी, परीक्षा, एकट्या आईचं दुखणंखुपणं... हजार कारणं. एक पान लिहिलं नाही बाईनं. याचाही मला राग आहेच, पण तो लहान राग झाला.

मोठा राग वेगळाच आहे. गेली दीड-दोन वर्षं त्या जिना चढताना मधल्या वळणावर थांबायच्या आणि तिथल्या फळ्यावरच्या नोटिसा वाचायच्या. त्याच त्या नोटिसा, रोज. वर आल्या की कपाळावर घाम, आणि तळहात छातीच्या मधोमध दाबलेला. मी विचारलं की ठरलेलं उत्तर, "पित्त आहे जी." घरून बाटलीत थंड दूध आणायच्या, ते घोट घोट प्यायच्या. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. म्हणाल्या, "दूध घेतलं का थांबते. दुधानं थांबते त्याले पित्तच म्हणतात." मी अक्षरशः टेबलावर हात आपटला. म्हटलं, बाई, हा शुद्ध दोष आहे. दूध घेतल्यावर थांबलं म्हणजे दुधानं थांबलं असं होत नाही, तुम्ही दूध प्यायला खाली बसता, म्हणून थांबत असेल. "तुम्ही कायले एवढे तापून राहिले?" त्या म्हणाल्या, "तुमच्या पेपरात हा प्रश्न आला तर बरोबर लिहीन मी." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा धरलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा तर मी त्यांचंच हत्यार त्यांच्यावर उगारलं. म्हटलं, इतके दिवस दुधानं काम झालं म्हणून तुम्ही यावेळीही तीच किल्ली फिरवत बसल्या आहात, हे तुमचं पाचवं कुलूप आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असन." आणि बाटलीचं बूच लावलं. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं. पण कुठलं काय, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली टेबलावर.

शोकसभेत मी हेच बोललो. सवय माणसाला कशी आंधळं करते हे ज्या बाईनं हजारो मुलांना शिकवलं, तीच सवयीनं आंधळी होऊन गेली. हृदय दुखत होतं आणि ती पित्तावर दूध पीत राहिली.  नंतर लोक जवळ येऊन म्हणाले, सर, काय नेमकं बोललात. मलाही ते नेमकंच वाटलं. खरं सांगायचं तर त्या वाक्यानं माझ्या रागाला बसायला चांगली जागा मिळाली होती. मी ते बायकोला ऐकवलं, भावाला ऐकवलं, पानठेल्यावर ऐकवलं.

मग परवा नंदनवनला त्यांच्या आईकडे गेलो. म्हातारीला काचबिंदूनं जवळजवळ दिसत नाही. मौद्याहून एक भाची सोबतीला येऊन राहिली आहे. चहा झाला, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, आई, मी किती सांगितलं बाईंना, डॉक्टरला दाखवा, दाखवा. पण त्यांनी आपलं ते पित्त काही सोडलं नाही.

आई माझ्या आवाजाच्या दिशेनं वळल्या. "पित्त? तिले कुठं पित्त होतं जी?"

म्हटलं, त्याच तर रोज सांगायच्या, पित्त आहे म्हणून.

"दोन उन्हाळे झाले, दाखवून आली ना ते मोठ्या डॉक्टरले. हृदयाची नस बंद होऊन राहिली म्हणे. मुंबईले ऑपरेशन करा लागते. वाचन बी, नाही बी वाचन, अर्धं-अर्धं सांगितलं त्यानं." त्यांनी चाचपडत कप बाजूला सारला. "मी म्हटलं, बाई, तू जा, माही फिकर करू नको. नाही आयकली. म्हणे, तिकडंच मेली तर तुले कोण पाहीन? इथं जेवढे दिवस भेटतीन तेवढे पक्के आहेत म्हणे."

म्हणजे सगळं ठाऊक होतं. रोजचं ते दूध माझ्यासाठी होतं. माझ्याशी वादाला काहीतरी विषय हवा, खरा विषय निघू नये, म्हणून त्यांनी पित्त पुढे केलं आणि मी दोन वर्षं पित्ताशी भांडत बसलो. पहिलं उत्तर सापडलं ते मला इतकं आवडलं, की दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. वर भर सभेत मी त्या बाईला आंधळी म्हणून आलो.

"मग मले काहून नाही सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण भाची आतून डोकावली.

"मी बी म्हटलं होतं, सरांले तरी इचार," आई म्हणाल्या. "तर म्हणे, सरांले नको सांगू, माय. ते वाद घालतीन अन् जिंकतीन. मंग मले जा लागन."

घरी कसा आलो ते मला सांगता येणार नाही. अख्खी वीस वर्षं मी समजत होतो की मी हरतो. त्यांचा हिशेब वेगळाच होता तर. आणि एवढी खात्री होती मी जिंकेन याची, तर जिंकू द्यायचं होतं मला एकदा. एकदाच जिंकलो असतो हो. माझ्या हरण्याची सवय मला होती, त्यांना काय हरकत होती एवढा एक वाद हरायला? राग येतो. अजूनही येतो. आधी येत होता त्यापेक्षा जास्त येतो.

आता चार वाजता चहा येतो आणि खोलीत मी एकटाच असतो, तेव्हा तो राहिलेला वाद मी काढतो. मी म्हणतो, बाई, अर्धी शक्यता म्हणजे अर्धी शक्यता, शून्य नव्हे. आई आमच्याकडे राहिल्या असत्या, माझ्या बायकोनं त्यांचं सगळं केलं असतं, विचारा तिला. मुंबईला मी तुमच्यासोबत आलो असतो, सुट्ट्या शिल्लक आहेत माझ्या ढीगभर. आणि पक्के दिवस म्हणता, तर तेही कुठे पक्के होते? त्यांच्या बाजूनं काय काय निघू शकतं तेही मी प्रामाणिकपणे मांडून पाहतो, आणि एकेक मुद्दा खोडून काढतो. कुठेही फट राहत नाही. रोज मीच जिंकतो, आणि तरी बाई मुंबईला जात नाहीत.