कोचला काढायच्या ठरावाला माझं अनुमोदन

आमच्या घरात रग्बीचं वेड मला सोडून सगळ्यांना आहे. लेक कार्डिफच्या एका छोट्या क्लबात खेळते, बायको टचलाइनवरून ओरडते आणि मी चहाचा फ्लास्क धरून उभा राहतो. त्यातही हे तेरा जणांचं रग्बी लीग. वेल्समध्ये पूजा होते ती पंधरा जणांच्या रग्बीची. आमच्याकडे कोण बघतो! सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा, हा एकच नियम मला कळलाय आणि तोही मी पाहुण्यांना चुकीचा सांगतो.

यंदा आमच्या मुली सारख्या हरत होत्या. शेवटच्या टॅकलआधी, म्हणजे सहाव्यांदा पडण्याआधी, बाकीच्या टीम्स चेंडू लाथेनं लांब उडवतात. आमची कोच म्हणे, हातात धरून पळा. मुली पळायच्या, पडायच्या, हरायच्या. तरी लेकीनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, ती गेली तर मी पण खेळणार नाही. फायनल."

अखेर समर्थकांनी क्लबहाउसात सभा बोलावली : कोचला ठेवायचं की नारळ द्यायचा? एक गृहस्थ ताडकन उठले. "कोचला काढावं, असा ठराव मी मांडतो."

"सेकंडर?" अध्यक्षांनी विचारलं.

इथे माझं मराठी मंडळ आडवं आलं. आमच्या मंडळात ठराव कशाचाही असो, अनुमोदन झटकन मिळालं नाही तर बटाटेवडे गार होतात. त्यामुळे अनुमोदक कोण, असं कुणी विचारलं की माझा हात आपोआप वर जातो. ठरावाकडे माझं लक्षच नव्हतं, ते काउंटरवरच्या गरमागरम ॲपल पायवर होतं. हात गेला वर.

"अहो!" बायको दातओठ खात म्हणाली. "काय केलंत हे?"

"बाबा! सीरियसली?" मागून लेक.

"धन्यवाद," अध्यक्ष म्हणाले. "आता सेकंडरनी दोन शब्द बोलावेत."

उठलो. पहिल्याच रांगेत कोच हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती.

"आमच्या मंडळात गणपतीला नाटक असतं," मी सुरू केलं, कारण मला दुसरं काही बोलताच येत नाही. "दरवर्षी ते पडतं. दरवर्षी आम्ही दिग्दर्शक बदलायचं ठरवतो. मग कुणीतरी विचारतं, पुढच्या वर्षी तालमी कोण घेणार? आणि सगळे आपापले बूट बघायला लागतात." कुणीतरी फिस्सकन हसलं. "तर मंगळवारी भर पावसात या मुलींना कोण पळवणार? हात वर करा."

हॉलभर सगळे बूट बघत होते. ठराव मांडणारेसुद्धा.

"पण आपण हरतोय, त्याचं काय?" एक आवाज आला.

"हरतोय. पण गेल्या मॅचनंतर समोरच्या मुली माझ्याकडे चहा मागायला आल्या, तेव्हा आपल्यामागे पळून पळून त्यांना कपसुद्धा धरवत नव्हता. आपल्या मुली अजून रेफरीशी भांडत होत्या."

मतदान झालं. माझा हात बायकोनं दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला होता. ठराव दणकून पडला. स्वतः अनुमोदन दिलेला ठराव स्वतःच पाडणारा माणूस त्या क्लबानं पहिल्यांदाच बघितला असावा.

पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर मॅच. शेवटपर्यंत आम्ही मागे होतो. शेवटचा टॅकल उरला, चेंडू लेकीच्या हातात. "किक!" सगळे ओरडले. तिनं किक मारली नाही. पळाली. समोरच्या मुली गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होत्या. लेक त्यांच्यामधून निघाली ती थेट कोपऱ्यात, गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडूसकट आडवी झाली. जिंकलो! बायकोची किंकाळी खाडीपलीकडे ब्रिस्टलला ऐकू गेली असणार. माझ्या हातून फ्लास्क पडला.

चिखलानं माखलेली कोच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मला काढायला निघालेले ते तुम्हीच ना?" म्हणाली आणि माझ्या नव्या कोटासकट मला कडकडून मिठी मारली. "चहा आहे?"

तळाशी घोटभर उरला होता, तो झाकणात ओतून तिला दिला. तिनं एक थेंबही सांडला नाही. ओतताना बुटांवर सांडला होता तो मीच.