अप्पांचा विलायती टाइप

छापखान्याचे अप्पा दोनदाच साबणाने हात धुवायचे. एकदा जेवायच्या आधी आणि एकदा विलायती टाइपाला, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांना, हात लावायच्या आधी. बाकी दिवसभर कोपरापर्यंत शाई. मी बार्शीहून या गिरणीगावात, त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या छापखान्यात प्रुफं तपासायला आलो, तेव्हा हे पाहून मला हसू आलं होतं.

त्या इंग्रजी अक्षरांची उभी रेघ भरदार, वळणावर निमुळती होत जाणारी, आणि पायाशी बारीक आडवी पट्टी. "बग, कशी पाय रोवून उभी हायती," अप्पा म्हणत. "कितीबी वाचा, डोळा घसरत न्हाय."

शाळांची प्रशस्तिपत्रं, वकिलांकडच्या लग्नपत्रिका, समारंभांची निमंत्रणं या टाइपात निघत. नाटकाच्या हँडबिलांना मात्र तो मिळत नसे. "तितं वरडायचं असतंय. हे अक्षर वरडत न्हाय."

आमचं मोठं गिऱ्हाईक एक कापडगिरणी. तिच्या इंग्रजी नोटिसाही याच टाइपात छापल्या जात. एकदा मजकूर आला, रातपाळी बंद होणार. अप्पांनी नेहमीसारखाच मन लावून तो जुळवला, चारी बाजूंनी ऐसपैस समास सोडला. प्रूफ मीच वाचलं. एकही चूक नव्हती.

नोटीस लागली त्या संध्याकाळी मागच्या बोळातली नरसम्मा आली. तेलुगू विणकरांच्या घरातली बाई, नवरा रातपाळीला. तिच्या मुलाचं शाळेतलं प्रशस्तिपत्र आम्हीच छापलेलं, म्हणून ते अक्षर ती ओळखत होती. हसत म्हणाली, "अप्पा, गेटावर तुमच्या चांगल्या अक्षरात कायतरी लावलंय. बक्षिसी हाय का?"

अप्पांनी हातातला खिळा खाली ठेवला. मग म्हणाले, "न्हाय बाई. रातपाळी बंद करायलेत."

"इतकं चांगलं लिवून?" ती एवढंच म्हणाली आणि गेली.

पुढची नोटीस घेऊन गिरणीचा कारकून आला, तेव्हा अप्पांनी त्याला सांगितलं, "इंग्रजी छापतो. खाली मराठीतबी छापणार, जाड ठशात."

"साहेबांनी तसं सांगितलेलं नाही."

"मग आमच्याकडनं जमणार न्हाय."

काम दुसऱ्या छापखान्यात गेलं. आमच्या एका यंत्राला काम उरलं नाही, त्यावर कापड पडलं. मला माझ्या नोकरीची धास्ती. मी म्हणालो, "अप्पा, आपण नुसतं छापतो. मजकूर त्यांचा असतो."

"व्हय. पन अक्षर माजं हाय की."

त्यानंतर गिरणीच्या गेटावर नवी नोटीस लागली की अप्पा संध्याकाळी तिथं जात, आणि पाळी सुटून बाहेर पडणाऱ्यांना ती मराठीत वाचून दाखवत. कुणी तेलुगूत विचारलं की काम सुटलेला नरसम्माचा नवरा पुढे होऊन सांगे.

दोनेक वर्षांनी मला पुण्याच्या एका मोठ्या छापखान्यात जागा मिळाली. निरोप घ्यायला गेलो, तर उपदेश नाही, आशीर्वादाचे बोल नाहीत. अप्पांनी विचारलं, "तितं कामगारांच्या नोटिसा मराठीत निगत्यात का?"

"माहीत नाही."

"इचारून बग की."

पहिल्याच आठवड्यात विचारलं. मालक हसले. पुढे अप्पा गेल्याचं कळलं, तोवर मी आणखी दोन छापखाने बदलले होते, आणि दोन्हीकडे हेच विचारून झालं होतं.