डोळ्यांचे दोन दिवस

बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही: ते जहाज गणपतीच्या आत पोचणार नाही, हे मला कंटेनर भरायच्या आठवडाभर आधीच कळलं होतं.

मी अंधेरीच्या एका फॉरवर्डिंग ऑफिसात आहे. न्हावा-शेव्याहून निघालेला माल परदेशात गिऱ्हाइकाच्या दारात जायला किती दिवस लागतील, ते सांगणं माझं काम. जहाजाचे दिवस, मधल्या बंदरातला खोळंबा, कस्टम, तिथला ट्रक. वीस वर्षांत माझा आकडा फारसा चुकला नव्हता. मालक म्हणायचे, "त्याला विचार ना, तो आपलं पंचांग आहे." ऐकायला बरं वाटायचं.

बोरिवलीचे एक मूर्तिकार, मूळ मालवणकडचे, सत्तरीचे. इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाने त्यांच्याकडे शाडूच्या दोनशे मूर्ती मागवल्या. परदेशात माल धाडायची त्यांची पहिलीच वेळ. चतुर्थीच्या आठवडाभर आधी मूर्ती हातात, असं मी छातीठोक सांगितलं.

मग जहाज कंपनीची मेल आली. तांबड्या समुद्रातला धोका टाळायला जहाज आफ्रिकेला वळसा घालणार. अडीच आठवडे जास्त. तेव्हाच बोललो असतो तर निदान थोड्या मूर्ती विमानाने गेल्या असत्या. पण आपला आकडा चुकला, हे तोंडातून निघेना. बदलेलही बेत, असं मनाशी म्हणून मी मेल बंद केली.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "सायबा, दोन दिस दी रे. थोड्या मूर्तींचे डोळे रंगवूचे रवले हत."

"काका, आता काय डोळे घेऊन बसलात!"

"डोळे काढल्याशिवाय देवाक कसो धाडू?"

दिले दोन दिवस. तरी कंटेनर वेळेत बंदरात गेला, ठरलेलंच जहाज मिळालं.

मूर्ती पोचल्या तेव्हा अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. मंडळाने सुपारी मांडून पूजा केली. मूर्ती खोक्यांतच राहिल्या.

"माझेच दोन दिस नडले मां?" त्यांनी फोनवर विचारलं.

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "तसंच काहीसं झालं, काका."

त्यांनी उलट माझीच माफी मागितली.

पुढच्या वर्षी त्यांच्या कारखान्यात गेलो. ते कोपऱ्यात माती मळत होते. डोळे सून काढत होती. पूर्वी ते डोळे काढायला बसले की बघायला आळीतली माणसं जमायची.

"तुम्ही नाही बसलात?"

"माझो हात रेंगाळता. लोकांचो खोळंबो नको."

सून मान वर न करता म्हणाली, "बाबांसारखे नाही येत हो मला. तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

मी चहा प्यायलो आणि निघालो.

ते अजून आहेत. हातही स्थिर आहे. त्यांच्या दोन दिवसांनी काहीही बिघडलं नव्हतं, जे बिघडलं ते माझ्यामुळे, हे त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून राहिलंय.