डोहात विष कोणी घातलं?

ती घटना आठवली की आजही मला आधी पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे दिसतात आणि मग माझा स्वतःचा आगाऊ चेहरा.

मी महाडला नवा फौजदार होतो, देशावरून आलेला. पोलादपूरच्या वरच्या एका गावाहून पोलीस पाटलाची वर्दी आली: नदीच्या डोहात विष घातलं, मुंबईहून आलेल्या गिरणी कामगाराला चावडीत कोंडलं आहे, गाव खवळलं आहे.

मी हवालदाराला घेऊन पोहोचलो, तर चावडीपुढे तालुक्याचे एक पुढारी भाषणात रंगलेले. बोर्डाच्या निवडणुकीसाठी ते आदल्या दिवसापासून पाटलाकडे मुक्कामाला होते.

"मुंबईचं वारं लागलेले गावाचा घात करणार, हे मी शिमग्यातच म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं व्हतं!" हातात कोयते घेतलेला जमाव गरजला. गृहस्थ वर्षाकाठी शंभर भाकितं करत. लोकांना खरं ठरलेलं तेवढंच आठवे.

मुद्देमाल म्हणजे त्या कामगाराच्या पिशवीत सापडलेली एक निळी बाटली. मी ती हुंगली. वास उग्र! मी खूश. चावडीत जाऊन त्या तरुण कामगाराला विचारलं,

"डोहावर गेला होतास?"

"व्हय साहेब, आंघोळीला."

"पाणी प्यालास?"

"नाय."

मी जबाबाखाली ऐटीत लिहिलं: विष ठाऊक असल्याने प्याला नाही.

हवालदार जवळच्याच वरंधचा, मुरलेला. कानाशी पुटपुटला, "आणि प्यालो म्हणाला असता तर, साहेब?"

तर मी 'संशय टाळण्यासाठी प्याला' असं लिहिलं असतं! माझे कान तापले.

तेवढ्यात दारातून त्या तरुणाची आई कडाडली, "बाटली काय हुंगतोस रे साहेबा? डोक्याचं तेल हाय ता! डोहात कोणी गेळफळ ठेचून टाकलंय, मासं धरायला. ह्या सगल्यांना ठावं हाय, पण आज कोण बोलेल तर शपथ!"

गेळफळाने मासे गुंगून वर येतात, हे हवालदाराने मला सांगितलं. पंच घेऊन डोहावर गेलो. वरच्या कातळावर ठेचलेल्या फळांचा चोथा तसाच होता.

परत येऊन मी जमावाला विचारलं, "काल माशांचं कालवण कोणाकडे होतं?"

सगळ्या माना पाटलाकडे वळल्या. पाटील कुजबुजला, "साहेब, पाव्हण्यांसाठीच... आमच्या गड्याने धरलं."

मी पुढाऱ्यांची नाडी धरली. "चक्कर येते का हो? त्याच डोहातले मासे आपण रात्री खाल्लेत. आणि विष आहे, असं आपणच म्हणालात."

पुढारी पांढरेफटक पडले. मग पुणेरी बोली विसरून ओरडले, "विष कसलं? गेळफळ हाय ता! असलं मासं आम्ही ल्हानपणापासून खातो!"

कोयते खाली गेले. कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळंच गाव. मी चावडीचं दार उघडलं. आईने लेकाला आधी एक धपाटा घातला, मग मिठी मारली. इतका मोकळा श्वास मी नोकरीत क्वचितच घेतला.

पुढच्या सभेत पुढारी म्हणाले, "निरपराध्याला मीच सोडवलं." लोक म्हणाले, व्हय, व्हय!

त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता; मीही जबाबातून मला हवं तेच वाचलं होतं. त्यानंतर कोणीही संशयित समोर आला की मी स्वतःला आधी विचारत असे: हा निर्दोष असता, तर मला वेगळं काय दिसलं असतं? उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर बेडी बाहेर काढत नसे.